विश्लेषण : अंगाने बारीक, तरी साखर कशी? उत्तर आईच्या गरोदरपणातल्या ताटात

‘एवढा बारीक आहे, गोड फारसे खात नाही, मग साखर कशी?’ नांदेड किंवा लातूरमधल्या रक्त तपासणीच्या लॅबबाहेर हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. तिशीच्या आतला तरुण, हातपाय काटकुळे, शर्टाखाली जेमतेम दिसणारे पोट आणि रिपोर्टवर साखरेचा आकडा वाढलेला. घरचे आधी चहाला दोष देतात, मग टेन्शनला आणि शेवटी नशिबाला. वजनकाटा मात्र काहीच सांगत नाही, कारण वजन वाढलेलेच नसते.

या प्रश्नाचे एक उत्तर तरुणाच्या ताटात नसून त्याच्या आईच्या ताटात आहे. तेही आजच्या नव्हे, तर तो पोटात होता तेव्हाच्या. गरोदर बाईने काय खाल्ले, किती राबली आणि तिच्या रक्तात साखर व जीवनसत्त्वे किती होती, याचा परिणाम बाळाच्या जन्मावेळच्या वजनापुरता राहत नाही. वीस-तीस वर्षांनी त्याच्या शरीराला साखर कशी पेलते, हेही काही अंशी तेव्हाच ठरते.

थोडक्यात मुद्दे :

- भारतीय बाळ जन्मतः वजनाने लहान असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. पुणे जिल्ह्यातील दीर्घ अभ्यासाने हे दाखवले.
- गरोदरपणात प्रश्न फक्त पोटभर खाण्याचा नाही. दूध, पालेभाजी, फळ, डाळ आणि बी-१२ हे ताटात आहे का, हा आहे.
- ताट सुधारण्याची वेळ सातवा महिना नव्हे. लग्नाआधीपासून, मुलगी वयात येते तेव्हापासून आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय मोजले गेले?

हे उत्तर शोधणारा जगातला एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. ही गावे कंधार, औसा किंवा अहमदपूर तालुक्यातल्या गावांहून फार वेगळी नव्हती. शेतावर राबणाऱ्या बाया, भाकरी-कालवणाचे जेवण, डोक्यावरून पाणी. गर्भ राहण्याच्या आधीपासून बायांची उंची, वजन, आहार आणि रक्त तपासले गेले. जन्मलेल्या बाळांचा पाठपुरावा तीस वर्षांनंतरही चालू आहे.

या बायांचे सरासरी वजन साधारण ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची झाली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. आठशे ग्रॅमचा हा फरक कुठे पडला, हे शोधण्यासाठी बाळांचे दंड, पोट, डोके आणि कातडीखालची चरबी मोजली गेली. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव खूपच कमी भरले होते. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली असलेली चरबी मात्र जवळपास टिकून होती. म्हणजे बाळ सगळीकडून सारखे लहान नव्हते. मांस कमी आणि चरबी शाबूत, असा त्याचा घाट होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला ‘थिन-फॅट’ बाळ हे नाव मिळाले. सोप्या मराठीत, दिसायला बारीक पण आतून चरबीचे.

असे बाळ मोठे झाल्यावर कसे दिसते, याचे गमतीदार उदाहरण याज्ञिक यांनी स्वतःचेच दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून वेगळे.

त्या सहा गावांतली मुले १८ वर्षांची झाली, तेव्हाचा आकडा जास्त बोलका आहे. जवळपास निम्मी मुले-मुली वजनाने कमीच होती. तरीही ३७ टक्के तरुण आणि १८ टक्के तरुणींची रक्तातील साखर सामान्य मर्यादेच्या वर निघाली. त्यातले बहुतेक पूर्वमधुमेहाच्या टप्प्यावर होते. जेमतेम वजनाच्या, गावात वाढलेल्या मुलांमध्ये हे घडत असेल, तर ‘मधुमेह हा शहरातल्या लठ्ठ लोकांचा आजार’ हे वाक्य आपण सोडून दिले पाहिजे.

आईचे ताट आणि मुलाची साखर, नाते कसे?

मोबाइल हातात येतो तेव्हा त्यात काही सेटिंग कारखान्यातूनच झालेली असतात. पुढे वापरणारा बरेच काही बदलू शकतो, पण सुरुवात तिथून होते. गर्भातले नऊ महिने शरीरासाठी असेच आहेत. या काळात स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी किती होतील, यकृत आणि मूत्रपिंड किती भरतील, स्नायू किती असतील, याचा पाया पडतो. यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर पूर्णपणे भरून काढता येत नाहीत.

आईकडून येणारा पुरवठा तुटपुंजा असला की गर्भ काटकसर करतो. मेंदू वाचवतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यावर कमी खर्च करतो. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९९० च्या सुमारास हार्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासून हा विचार पुढे आणला. कमी वजनाने जन्मलेल्या पुरुषांना साठीत मधुमेह आणि हृदयविकार जास्त होत असल्याचे त्यांना दिसले. स्नायू हे जेवणानंतरची साखर शोषून घेणारे शरीरातील सर्वात मोठे कोठार आहे. कोठारच लहान असेल, तर थोडी साखरही रक्तात साचून राहते.

दुसरी यंत्रणा जनुकांवरच्या खुणांची आहे. जनुके आईवडिलांकडून येतात आणि ती बदलत नाहीत. पण कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते मंद, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा गर्भावस्थेत बसतात. या खुणांसाठी शरीराला फोलेट आणि बी-१२ ही दोन जीवनसत्त्वे लागतात. एक हिरव्या पालेभाजीतून येते. दुसरे दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटण यांतूनच मिळते, धान्य-भाजीत ते नसते.

पुण्याच्या अभ्यासातील गरोदर बायांमध्ये फोलेटची कमतरता जवळपास नव्हती. बी-१२ मात्र सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले की ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्या मुलांमध्ये इन्सुलिनचा परिणाम सर्वात मंद होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते.

इथे एक गैरसमज लगेच दूर केला पाहिजे. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी बंद करा, असा मुळीच नाही. ती गोळी बाळाच्या मेंदू आणि मणक्यातील जन्मजात दोष टाळते. रक्तक्षय रोखण्यासाठी लोहही लागतेच. मुद्दा एवढाच की गाडीच्या एका बाजूच्या चाकात हवा भरून दुसरी बाजू तशीच ठेवली, तर गाडी सरळ चालत नाही.

टंचाईतून आणि भरपूर साखरेतून, दोन्हीकडून धोका

उपासमारीचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो, याचा मोठा पुरावा नेदरलँड्समधून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे तिथल्या पश्चिम भागात माणशी रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत घसरले. त्या काळात पोटात असलेली मुले पन्नाशीला आल्यावर तपासली गेली. त्यांचे शरीर साखर पेलण्यात इतरांपेक्षा कमी पडत होते.

मराठवाड्यातल्या वाचकाला इथे १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी आणि खडी फोडणाऱ्या बाया. त्या बायांच्या पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून पुढे गेली आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या औषधाच्या डब्यात साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या आहेत. प्रत्येक गोळीचे मूळ दुष्काळात शोधणे चूक ठरेल. पण डच अनुभव पाहता, दुष्काळाचा हिशेब पाऊस आणि पिकापुरता ठेवणेही चूकच आहे.

टंचाईसाठी घडलेल्या शरीराला पुढे सुकाळ भेटला, की खरा गोंधळ सुरू होतो. आजी खडी फोडत होती, आई शेतात खुरपत होती आणि नातू लातूरच्या क्लासमध्ये दिवसाचे दहा-बारा तास बसून ‘नीट’ची तयारी करतो आहे. मेसचा भात, बटाटा, बिस्किटे, रात्री थंड पेयाची बाटली. काटकसरीने वागायला शिकलेले शरीर आणि बसून खाणारे आयुष्य, यांची ही गाठ आहे.

दुसरी बाजू गरोदरपणातल्या मधुमेहाची आहे. आईच्या रक्तातील साखर नाळेतून बाळाकडे जाते, पण तिचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे बाळाचे कोवळे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागते आणि ती साखर चरबी म्हणून साठते. अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका जास्त असतो. बाळंतपणानंतर आईची साखर उतरली, तरी तिलाही काही वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता वाढलेली असते. भारतात आज १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने सांगितले. या संख्येत प्रत्येक पिढी पुढच्या पिढीची भर घालते, ती अशी.

नांदेड-लातूरच्या ताटात काय आहे, काय नाही?

या भागाचा आहार मुळात गरीब नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, तांदुळजा, हरभऱ्याची कोवळी भाजी, शेंगदाणा-कारळाची चटणी, जवस, करडईचे तेल, वर ताक. वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, शेतात जे ताट वाढले जाते, त्यात डाळी-शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ताक घातलेली आंबील असते. आहारतज्ज्ञाने गरोदर बाईसाठी तक्ता लिहिला, तर तो या ताटाच्या बराच जवळ जाईल.

अडचण अशी की येळवस वर्षातून एकदा येते. रोजच्या ताटात चित्र वेगळे आहे. लातूर ही तुरीची आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. डाळ इथून देशभर जाते, पण खेड्यातल्या घरात वरण पाणी घालून वाढवले जाते. सोयाबीन शेतातून थेट आडतीवर आणि तिथून तेल गिरणीत जाते. ज्वारीचे क्षेत्र घटले तशी भाकरीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. दारात म्हैस असली तरी दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. माळकरी घरात अंडी-मटणाचा प्रश्नच नसतो. खाणाऱ्या घरातही सुनेच्या वाट्याला बहुधा रस्साच येतो.

त्यात जेवणाचा क्रम. आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई आणि शेवटी सून. ताटातली भाजी कमी होत जाते, भाकरी आणि ठेचा उरतो. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, सिझर करावं लागेल’ ही भीती अजून गेलेली नाही. चतुर्थी-एकादशीचे उपवास पोटुशीपणातही चालू राहतात आणि साबुदाण्याच्या एका ताटलीवर दिवस निघतो. शहरात उलटे टोक दिसते. ‘दोघांचं खा’ म्हणत तूप, लाडू, शिरा यांचा मारा होतो आणि चालणे बंद होते. दोन्ही घरांत प्रेम आहे, माहिती नाही.

राज्याचे आकडे या चित्राला दुजोरा देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ४५.७ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय होता आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न अठराच्या आत झाले होते. मराठवाड्यातील बहुतेक जिल्ह्यांत बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच वाढत असते. ती गरोदर राहिली की एका ताटावर दोन वाढणारी शरीरे हक्क सांगतात.

कामाचा भारही ताटाइतकाच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या अभ्यासात पाणी वाहणे, शेतातले कष्ट असे जड काम करणाऱ्या गरोदर बायांची बाळे लहान निघाली. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट या डोंगरी पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिन्यांचा तो फड म्हणजे गावच्या अंगणवाडीची नोंद मागे, आशाताई मागे आणि पोटुशी बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढलेली. गर्भाच्या ऐन घडणीचा काळ त्या पालात जातो.

सरकार देते काय आणि राहते काय?

योजना नाहीत, असे म्हणता येणार नाही. अंगणवाडीतून गरोदर महिलेला दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा घरपोच आहार मिळायला हवा, असे निकष आहेत. दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी आणि कॅल्शियम मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार रुपये आईच्या खात्यावर येतात. किनवटसारख्या आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून रोज एक वेळचे गरम, चौरस जेवण देण्याची तरतूद आहे.

तरीही तीन ठिकाणी घोडे अडते.

पहिले, मोजमाप. व्यवस्था आईचे वजन, हिमोग्लोबिन आणि बाळाचा जन्मावेळचा काटा मोजते. बाळ अडीच किलोच्या वर गेले की सगळे समाधानी. पण त्या अडीच किलोत स्नायू किती, चरबी किती, हे काटा सांगत नाही. आईने आठवड्यात किती दिवस दूध, पालेभाजी, डाळ किंवा अंडे खाल्ले, हे विचारायला यंत्र लागत नाही. चार प्रश्न पुरतात. ते प्रश्न आज कार्डावर ठळकपणे असायला हवेत.

दुसरे, जागा. घरपोच आहाराचे पाकीट घरात आले की ते सगळ्या घराचे होते. त्याउलट गरम जेवण अंगणवाडीत बसून खाल्ले, तर ते तिच्याच पोटात जाते. अमृत आहारामागचा हा विचार आदिवासी पट्ट्यापुरता का ठेवायचा? दुष्काळी आणि स्थलांतर करणाऱ्या गावांतही तो आणता येईल. ऊसतोड बाईचा आहार, गोळ्या आणि तपासणी तिच्यामागोमाग फडावर गेली पाहिजे. तिने त्यासाठी गावी परतावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तिसरे, वेळ. सगळ्या योजना गर्भ राहिल्याची नोंद झाल्यावर सुरू होतात. ती नोंद अनेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. तोवर बाळाचे मुख्य अवयव घडून गेलेले असतात.

वेळेचा मुद्दा मुंबईतील एका प्रयोगाने स्पष्ट केला. तिथल्या वस्त्यांमधील महिलांना गर्भ राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत पालेभाजी, फळ आणि दुधाचा एक खाऊ रोज दिला गेला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. अतिशय कृश बायांमध्ये मात्र वजनाचा फायदा दिसला नाही आणि पुढे या मुलांची तपासणी झाली, तेव्हा मुलींमध्ये चरबी थोडी जास्तच आढळली. म्हणजे एक खाऊ ही जादूची कांडी नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची उणीव नऊ महिन्यांत भरून निघत नाही.

म्हणूनच पुण्याच्या चमूने पुढचे पाऊल आधी टाकले. १९९३ नंतर जन्मलेली ती मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग सुरू झाला. उपचार उद्याच्या आईपासून सुरू करायचा, हा त्यामागचा विचार आहे.

घरात काय करता येईल?

- एकदम दुप्पट खाऊ नका. गरोदरपणात दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक मोठी भाकरी आणि वाटीभर घट्ट वरणात त्या मिळतात. प्रथिनांची गरज मात्र शेवटच्या तीन महिन्यांत बरीच वाढते.
- रोज दूध, दही किंवा ताक. खात असाल तर अंडे. बी-१२ चा विश्वासू मार्ग हाच आहे. शुद्ध शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्या महिलांनी डॉक्टरांना बी-१२ बद्दल आवर्जून विचारावे.
- रोज एक पालेभाजी. अंबाडी, तांदुळजा, मेथी, शेपू, जी हंगामात स्वस्त असेल ती. पुण्याच्या अभ्यासात नुसत्या कॅलरींपेक्षा दूध, पालेभाजी आणि फळे खाण्याशी बाळाच्या वाढीचा संबंध जास्त दिसला.
- लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. लिंबू-पाण्यासोबत घेतली तर लोह चांगले शोषले जाते.
- साखरेची तपासणी दोनदा. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर घाबरून जेवण सोडू नका. आहार, चालणे आणि गरज पडल्यास औषध हे डॉक्टर ठरवतील.
- घरातल्या किशोरवयीन मुलीचे ताट भावाच्या ताटाएवढेच भरलेले हवे. तिच्या मुलांच्या आरोग्याची सुरुवात तिथे आहे.

पैशाचा प्रश्न येतोच. मातृवंदनेचे ५ हजार रुपये थोडे वाटतात. दूध ६० रुपये लिटर धरले, तरी त्यात ८३ लिटर येते. २८० दिवसांवर वाटले तर रोज सुमारे ३०० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेला. पैसे बाळंतपणाच्या खर्चात किंवा उधारी फेडण्यात गेले, तर तो पेला जातो. हप्ते वेळेवर, गरोदरपणातच मिळणे म्हणूनच महत्त्वाचे.

दोष कुणाचा?

या सगळ्या संशोधनाचा एक धोका आहे. ‘तुझ्या खाण्यामुळे पोराला साखर झाली’ असे उद्या कुणी आईलाच सुनावेल. ते अन्यायाचे ठरेल. ताटात काय पडते हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. दूध डेअरीला घालायचे की घरात ठेवायचे, फडावर जायचे की नाही, लग्न कितव्या वर्षी करायचे, जेवायला आधी कोण बसायचे, हे निर्णय इतरांचे असतात. जबाबदारीही मग त्यांच्याकडेच जाते. नवऱ्याकडे, सासूबाईंकडे, गावाकडे आणि सरकारकडे. शिवाय सेटिंग कारखान्यातून आले, तरी नंतर हातात बरेच काही उरते. बारीक दिसणाऱ्या तरुणानेही पंचविशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि कमरेचा घेर मोजावा, रोज चालावे, व्यायामाने स्नायू वाढवावेत. त्याचा उपयोग नक्की होतो.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. त्या दिवशी तिला पाटावर बसवतात, भोवती रांगोळी काढतात, पहिले ताट तिला वाढतात, पाच भाज्या, पाच गोड. फोटो निघतात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतात. त्या एका दिवशी घराला बरोबर कळलेले असते की आधी कुणी जेवायचे आणि तिच्या ताटात काय हवे. गोड पदार्थ वगळून तेच ताट उरलेल्या दिवशी वाढायचे आहे. घरची सून शेवटी जेवत असेल, तर आज रात्रीपासून तो क्रम बदलायला कुठलीही योजना लागत नाही.